भुलेतलं पिल्लू आणि जागा माणूस

जनावरांच्या दवाखान्यात ऑपरेशनचं नाव निघालं, की घरच्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. ऑपरेशन कोण करणार? खर्च किती येईल? टाके कधी काढायचे? घरी कधी नेता येईल? चारही प्रश्न रास्तच. पण पाचवा एक प्रश्न सहसा कुणाच्या ओठांवर येत नाही – भूल दिल्यावर त्याच्या उशाशी बसणार कोण? प्राणी मोठा आणि धडधाकट असेल तर हा प्रश्न राहून गेला तरी एखादे वेळी निभावून जातं. पण पिल्लू दोन-तीन महिन्यांचं, ओंजळीत मावेल एवढं असेल, तर त्याचा जीव बऱ्याच अंशी या पाचव्या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून असतो.

भूल म्हणजे गाढ झोप, अशी सर्वसाधारण समजूत. ती पुरती खरी नाही. झोपलेलं पिल्लू गारवा लागला की आईच्या कुशीत सरकतं, भूक लागली की कुईकुई करतं, मान अवघडली की कूस बदलतं. भुलेतलं पिल्लू यातलं काहीच करू शकत नाही. त्याचं अंग गार पडतं, पण ते कुडकुडत नाही. रक्तातली साखर उतरते, पण ते धडपडत नाही. श्वास अपुरा पडतो, पण ते तक्रार करत नाही. स्वतःला सांभाळण्याचं जे थोडंफार शहाणपण निसर्गानं त्याला दिलेलं असतं, ते तेवढ्या वेळापुरतं काढून घेतलेलं असतं. मग ते काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं.

आणि पिल्लू म्हणजे मोठ्या प्राण्याची छोटी आवृत्ती नव्हे. त्याच्या शरीराचा कारभारच वेगळा असतो. हृदयाचंच पाहा. मोठ्या कुत्र्याचं हृदय गरज पडली तर प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलू शकतं. पिल्लाच्या कोवळ्या हृदयाला ते फारसं जमत नाही. ते फक्त ठोके वाढवू शकतं. घरात पाणी भरायचं असेल तर मोठा माणूस बादली उचलतो, लहान मुलाच्या हाती तांब्याच असतो. तांब्यानं हौद भरायचा तर फेऱ्या जास्त हव्यात. फेऱ्या कमी झाल्या, की हौद रिकामा! म्हणूनच लहानग्या पिल्लाची नाडी मिनिटाला दोनशेच्या आसपास असते, आणि ती मंदावली म्हणजे ‘बरं झालं, शांत झालं’ असं समजायचं नसतं. ती धोक्याची घंटा असते.

श्वासाचीही तीच गत. वजनाच्या मानानं पाहिलं, तर नवजात पिल्लाला मोठ्या प्राण्याच्या दोन ते तीन पट ऑक्सिजन लागतो. बरगड्या मऊ, छातीचे स्नायू लवकर दमणारे. ऑपरेशन करताना डॉक्टरांचं मनगट नकळत छातीवर टेकलं किंवा अवजारं तिथं ठेवली गेली, तरी तेवढ्या वजनानं त्याचा श्वास अडू शकतो. श्वासनलिकेत घातलेली नळी इतकी बारीक असते, की थोड्याशा चिकट स्रावानंही ती बंद होते. आणि रक्त? एक किलो वजनाच्या मांजराच्या पिल्लात साधारण साठ मिलिलिटर रक्त असतं – जेमतेम अर्धा कप! चहाचे चार चमचे रक्त गेलं, की एक तृतीयांश संपलं. म्हणून अशा ऑपरेशनमध्ये भिजलेल्या कापसाच्या बोळ्यांचाही हिशेब ठेवतात, आणि सलाईन कमी पडून चालत नाही तसं जास्त होऊनही चालत नाही.

उपासाचा प्रश्न तर थेट घरातल्या माणसांशी जोडलेला आहे. माणसाच्या ऑपरेशनला आदल्या रात्रीपासून पोटात काही नको, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असतं. तोच नियम ती प्रेमापोटी पिल्लालाही लावते. ‘उद्या ऑपरेशन आहे ना, मग रात्रीपासून वाटी उचलून ठेवा,’ असं बजावते. पण पिल्लाचं यकृत अजून पक्कं झालेलं नसतं. साखरेचा साठा त्यात फारसा नसतो. रात्रभर उपाशी राहिलेलं पिल्लू सकाळी टेबलावर येतं तेव्हा ते आधीच अर्धं खचलेलं असतं. एरवी साखर उतरली की ते लडबडतं, त्याला झटके येतात. भुलेखाली मात्र ही सगळी लक्षणं झाकली जातात. कानाच्या कडेतून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर तपासणं, हाच मग ओळखण्याचा मार्ग. घरोघरी मधुमेहासाठी असतं, साधारण तसंच छोटं यंत्र त्यासाठी वापरतात. आईच्या अंगावर पिणाऱ्या पिल्लाला भुलेआधी जवळजवळ उपाशी ठेवत नाहीत. खायला लागलेल्या लहान पिल्लालाही तीन-चार तासांहून अधिक उपास सहसा सांगत नाहीत. नेमकी वेळ अर्थातच डॉक्टरांनी सांगायची आणि घरच्यांनी ती विचारून घ्यायची.

या साऱ्याहून अधिक दगा देते ती थंडी. लहान अंग, चरबी नाही, ऑपरेशनपुरते पोटावरचे केस काढलेले, कातडी औषधानं ओली केलेली, खाली स्टीलचं टेबल आणि वर एसी किंवा पंखा! काही मिनिटांतच ताप पाहण्याच्या काचेतला आकडा घसरू लागतो. १०१-१०२ अंश हे कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमान. ते उतरत गेलं, की नाडी मंदावते, शरीराला भुलेचा गॅसही कमी लागतो. म्हणजे सुरुवातीला बेताचा असलेला गॅस, बटणाला कुणी हात न लावताही, तासाभरात जास्त होऊन बसतो. गारठ्यानं मंदावलेलं हृदय ठोके वाढवणाऱ्या इंजेक्शनलाही नीट दाद देत नाही. त्याला हवी असते ऊब.

एखाद्या मध्यम शहरातला दवाखाना डोळ्यांसमोर आणावा. घरात शिलाईचं मशीन. तीन महिन्यांच्या मांजराच्या पिल्लानं खेळता खेळता दोऱ्यासकट सुई गिळली. जिभेखाली दोऱ्याचं टोक दिसतंय, पण आईनं ते ओढलं नाही, हे तिचं शहाणपण. कारण ओढलेला दोरा आतडं कापू शकतो. एक्स-रेत सुई दिसली. पोट उघडण्यावाचून इलाज नाही. बाहेरच्या बाकावर धाकटा मुलगा विचारतो, ‘‘आई, ते परत जागं होईल ना गं?’’ आई त्याचा हात घट्ट धरते. उत्तर तिच्याकडेही नसतं.

आत डॉक्टरांचं लक्ष सुईकडे आहे, आणि तसंच असायला हवं. पिल्लाच्या उशाशी बसलीय ती नुकतीच कामाला लागलेली सहायक मुलगी. एका हाताची बोटं पिल्लाच्या मांडीच्या आत, नाडीवर. दुसऱ्या हातात पेन. दर पाच मिनिटांनी कागदावर आकडे – नाडी, श्वास, तापमान, हिरड्यांचा रंग. १९०. १८५. १७०. १५०. एकेक आकडा वेगळा पाहिला तर घाबरण्यासारखं काही नाही. पण खाली खाली येणारी ती रांग तिला दिसते, कारण तिनं ती लिहिलीय. यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा अजून ९६ आहे. तापमान मात्र ९५ वर आलंय. अनुभवी डॉक्टरांना ऑपरेशनच्या ऐन मध्यात थांबवायचं म्हणजे नव्या माणसाची जीभ रेटत नाही. तरी ती म्हणते, ‘‘सर, थोडं थांबता का? पिल्लू गार पडतंय. नाडी उतरतेय. मी गॅस कमी करते.’’

डॉक्टर हात थांबवतात. ‘‘कर. आणि पिशव्या बदल.’’ गरम पाण्याच्या नव्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूंना लागतात. चार पायांना कापूस गुंडाळला जातो. ती ऑक्सिजनची छोटी पिशवी हलक्या हातानं दाबून काही श्वास देते. दहा मिनिटांनी कागदावर आकडा पडतो, १७५. डॉक्टर पुन्हा कामाला लागतात. बाहेर बसलेल्या माय-लेकरांना आत काय घडलं, याचा पत्ताही नसतो!

मग यंत्रं काय कामाची? कामाची आहेतच. ऑक्सिजन मोजणारं चिमट्यासारखं यंत्र कोरोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, घराघरांत पोचलं. त्यामागची कल्पना जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली. सारं जग या यंत्राच्या शोधात असताना, एप्रिल २०२० मध्ये त्यांचं निधन झालं. प्राण्यांना हा चिमटा जिभेला, कानाला किंवा पायाच्या बोटांमधल्या पातळ कातडीला लावतात. पण पिल्लाची जीभ केवढीशी! ती सुकली की चिमटा खोटं बोलतो, अंग गार पडलं की त्याला नाडी सापडत नाही. आणि जास्तीचा ऑक्सिजन चालू असताना श्वास मंदावला, तरी आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो. म्हणून जाणते डॉक्टर शिकवतात – घंटा वाजली तर आधी पिल्लाकडे पाहा, मग यंत्राकडे. आणि घंटा वाजली नाही, तरीही पिल्लाकडे पाहा.

नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी किती कळू शकतं, हे अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी दाखवून दिलं. नवजात बाळाची नाडी, श्वास, रंग, स्नायूंचा ताण आणि प्रतिसाद अशा पाच गोष्टींना गुण देण्याची त्यांची पद्धत १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. आजही प्रसूतिगृहांत ती वापरात आहे. पुढे पशुवैद्यकांनी तीच पद्धत थोडा फेरफार करून कुत्रीच्या नवजात पिल्लांसाठी घेतली. सिझेरियनमध्ये आईला दिलेली भूल थोडीफार पिल्लांपर्यंतही पोचते. त्यांना टॉवेलनं चोळून जागं करताना हेच पाच प्रश्न उपयोगी पडतात. माणसाच्या बाळासाठी शोधलेली नजर कुत्रीच्या बाळालाही कामी आली!

शेवटचा टाका पडला, नळी निघाली, की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. खरी फसगत इथंच होते. ब्रिटनमध्ये सुमारे ९८ हजार कुत्री आणि ७९ हजार मांजरांच्या भुलेचा अभ्यास झाला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. भुलेशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, तर मांजरांत ०.२४ टक्के आढळलं. म्हणजे धोका थोडा आहे, भयभीत होण्याचं कारण नाही. पण ज्या मांजरांनी प्राण गमावले, त्यांतल्या निम्म्याहून अधिक ऑपरेशन आटोपल्यावर गेल्या, आणि अशा मृत्यूंपैकी बरेच पहिल्या तीन तासांतले होते. दोन किलोंच्या आतल्या मांजरांना धोका जास्त होता. आणि जिथं नाडीवर बोट आणि जिभेवर चिमटा होता, तिथं तो कमी होता. टेबलावरून उतरवून पिंजऱ्यात ठेवलेलं आणि ‘येईल आता शुद्धीवर’ म्हणून सोडून दिलेलं पिल्लू हे ऑपरेशनमधल्या पिल्लाइतकंच नाजूक असतं, हाच याचा अर्थ.

या तीन तासांत घरच्यांचाही वाटा असतो. ‘लवकर सोडा, आम्ही घरीच बघू,’ असा आग्रह धरू नये. पिल्लू मान सावरेपर्यंत, हाक मारल्यावर डोळे वळवेपर्यंत त्याला दवाखान्यातच राहू द्यावं. घरी आणल्यावर पंख्याखाली किंवा उघड्या फरशीवर ठेवू नये. गरम पाण्याची पिशवी द्यायची तर जाड कापडात गुंडाळून, आणि पिल्लाला बाजूला सरकता येईल अशी. गुंगीत असलेल्याला चटका बसला तरी कळत नाही. पुरती शुद्ध येण्याआधी तोंडात दूध ओतू नये, ते फुप्फुसात जाऊ शकतं. शुद्ध आल्यावर मात्र डॉक्टरांना विचारून थोडं थोडं लवकर खाऊ घालावं. पलंगावर, खुर्चीवर ठेवू नये. मुलांना उत्साह असतो, पण तेवढा वेळ त्यांनीही दुरूनच पाहावं. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, अंग गार लागलं, उठवूनही प्रतिसाद मिळेना, तर सकाळची वाट न पाहता फोन करावा.

आपल्याकडे सगळ्याच दवाखान्यांत महागडी यंत्रं नसतात, आणि वेगळा भूलतज्ज्ञ तर फारच थोड्या ठिकाणी. कित्येक ठिकाणी डॉक्टर आणि कंपाउंडर, एवढाच कारभार. पण एक स्टेथोस्कोप, एक थर्मामीटर, एक घड्याळ, एक कागद आणि दुसरं कुठलंही काम न सांगितलेला एक माणूस, एवढं लहान दवाखान्यालाही जमण्यासारखं आहे. त्या माणसानं मध्येच फोन घ्यायचा नाही, कात्री शोधायला जायचं नाही. बघत राहणं, एवढंच त्याचं काम. बाहेरून पाहणाऱ्याला तो रिकामा बसलाय असं वाटेल.

तेव्हा पुढच्या वेळी पिल्लाला ऑपरेशनसाठी नेताना चार प्रश्नांबरोबर पाचवाही विचारावा – ‘‘डॉक्टर, भूल उतरेपर्यंत त्याच्याजवळ कोण असेल?’’ चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. उलट, समोरच्या माणसाला आपल्या पिल्लाची काळजी आहे आणि ती कुठं करायची हेही कळतं, याचं त्यांना बरंच वाटतं.