एका तारेवरील बिऱ्हाडे

संत्र्याच्या झाडाला फुले यावयाची तर त्याला आधी तहान लागावी लागते. पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडावयाचे, जमिनीच्या मगदुराप्रमाणे झाड काही आठवडे तसेच ठेवावयाचे आणि पाने पुरेशी मलूल झाली की पुन्हा पाणी सोडावयाचे. ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसता पाला फुटतो; जास्त झाला तर फांद्या वाळतात. वर्षाचा हिशेब या थोड्या आठवड्यांत ठरून जातो. आमचे धाकटे बंधू हा निर्णय पानांकडे पाहून घेतात. त्यांच्या चिरंजीवांनी गेल्या हिवाळ्यात त्याच कामासाठी एक यंत्र तयार केले, आणि त्या यंत्राने आमच्या घरात जो प्रश्न उभा केला तो वाचकांस सांगण्याजोगा वाटतो.

यंत्र म्हणजे पत्र्याची एक डबी. तीत आर्डुइनो नावाची तळहातात मावणारी पट्टी, हा मेंदू. जमिनीतील ओल मोजणारी पात थेट या मेंदूला जोडलेली. शिवाय तीन सोबती : दोन ओळींचा अक्षरपडदा, एक घड्याळ, आणि हवेचे तापमान व आर्द्रता सांगणारा, तुरीच्या दाण्याहून लहान असा संवेदक. हे तिन्ही मिळून दोनच तारांवर नांदतात. अशा सामाईक तारांना 'बस' म्हणतात, आणि हा शब्द रस्त्यावरील बसचा सख्खा भाऊच आहे. दोहोंचे मूळ लॅटिनमधील 'ऑम्निबस', म्हणजे 'सर्वांसाठी'. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने ही दोन तारांची पद्धत 1982 साली काढली, ती दूरचित्रवाणी संचाच्या पोटातील तुकड्यांना आपसांत बोलता यावे म्हणून. प्रत्येकाला एक क्रमांक असतो. मेंदू क्रमांक पुकारतो, ज्याचा असेल तो उत्तर देतो, बाकीचे गप्प राहतात.

जानेवारीतील एका सकाळी बंधू बगिचातून परतले ते कपाळाला आठ्या घालूनच. ओलीचा आकडा आठ दिवस जागचा हललेला नाही, आणि पाने तर दुपारची मिटलेली सकाळीही उघडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. "बाबा, आकडा मोजून आलेला असतो, पाने नुसती दिसतात," असे चिरंजीव म्हणाले. बंधूंनी वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी मोटार सुरू केली. रात्री डबी उघडली तेव्हा कळले की हवेचा संवेदक निकामी होऊन त्याने सामाईक तार खाली धरून ठेवली होती. मेंदू उत्तराची वाट पाहत अडकला होता, आणि पडद्यावर आठवड्यापूर्वीचा आकडा तसाच गोठून उभा होता. बंधूंनी त्या आकड्यावर विसंबून आणखी आठ दिवस काढले असते, तर काय झाले असते ते सांगावयास नको.

संवेदक का मेला, हे पुतण्याने आम्हांला दोन संध्याकाळ बसून समजावले. मेंदू, पडदा व घड्याळ हे पाच व्होल्टवर चालत होते, संवेदक 3.3 व्होल्टचा. जुन्या काळी बहुतेक तुकडे पाच व्होल्टचेच असत. पुढे ते इतके सूक्ष्म झाले की त्यांच्यातील पातळ थरांना पाच व्होल्टचा दाब सोसवेना, शिवाय कमी दाबात वीजही कमी लागते. म्हणून नवी पिढी 3.3 वर, कोणी 1.8 वर उतरली. जुने आणि नवे मात्र एकाच तारेवर राहिले.

आता या तारेची एक खुबी आहे. जुन्या लाल एस.टी.तील घंटेची दोरी आठवावी. कोणीही ओढली तरी घंटा वाजते. दोरी वर ढकलण्याचे काम मात्र कोणाचेच नसते, ती आपसूक वर जाते. या तारेवरही प्रत्येकजण फक्त खाली ओढतो. वर नेण्याचे काम एक रोधक करतो. तो रोधक पाच व्होल्टला बांधलेला असला की कोणी बोलत नसतानाही संवेदकाच्या अंगावर पाच व्होल्ट येऊन राहतात. बरेच लोक असे जोडतात आणि पुष्कळदा ते चालूनही जाते. पण 'चालते' म्हणणे हा काही पुरावा नव्हे. उलट रोधक 3.3 ला बांधावा, तर पाच व्होल्टच्या मंडळींना 'वर' हे ओळखण्यास निदान साडेतीन व्होल्ट लागतात. दोन दशांश कमी पडले की कधी ऐकू जाते, कधी जात नाही.

यावरील तोड फिलिप्सच्याच हर्मन शुट्टे यांनी 1997 साली लिहून ठेवली आहे. प्रत्येक तार मध्ये तोडावयाची, दोन्ही भागांना आपापल्या दाबाचा वेगळा रोधक द्यावयाचा आणि मध्ये एक लहानसा ट्रान्झिस्टर बसवावयाचा. कोणी ओढत नसेल तेव्हा तो बंद असतो. इकडची तार 3.3 वर, तिकडची पाचवर, ज्याची त्याच्या उंचीला. कोणत्याही बाजूने ओढले की तो उघडतो आणि दुसरी बाजूही खाली येते. कोणाकडून बोलणे सुरू झाले हे त्याला सांगावेही लागत नाही. पांढुर्ण्यात वाढलेल्या माणसाला याचे फार नवल वाटू नये. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, आम्ही छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, आणि उंबऱ्यावर पातळी बदलताना कोणी थबकत नाही. 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी हे तसेच आहे.

ट्रान्झिस्टर बसले, नवा संवेदक आला. परंतु "मोठे बाबा, उद्या तोही बिघडला तर तार पुन्हा धरून बसेलच," हे पुतण्याने स्वतःच कबूल केले. त्यावर उपाय बंधूंनी सुचविला, आणि तो आम्हांला साऱ्या विद्येहून सरस वाटला : आकड्याशेजारी घड्याळाची वेळ लिहावी. वेळ थांबलेली दिसली की आकडा शिळा समजावा.

सध्या बंधूंना दुसरी पात विहिरीकडच्या धुऱ्यावर हवी आहे, डबीपासून दोनशे पावलांवर. हा संवेदकही त्याच दोन तारांवर जोडता येईल का, असे ते विचारतात. लांब तारेत विद्युतभार साठतो आणि ती वर येण्यास उशीर लागतो; म्हणून या पद्धतीला 400 पिकोफॅरडची मर्यादा घातलेली आहे, ती काही मीटरांतच संपते. पुतणा दुसरी वाट शोधतो आहे. तोवर त्या कोपऱ्यातील झाडांकडे बंधू रोज सकाळी स्वतः जाऊन येतात.