हात हलका

सेफ्टी रेझरचे शौकीन रेझरचे दोन प्रकार सांगतात, सौम्य आणि आक्रमक. आक्रमक म्हणजे नेमकं काय, हे मला चित्र काढल्यावरच कळलं. रेझर बंद केल्यावर वरच्या टोपीच्या कडेपासून खालच्या पट्टीच्या कडेपर्यंत मनात एक सरळ रेघ ओढायची. पात्याची धार त्या रेघेच्या आत राहिली तर रेझर सौम्य, बाहेर डोकावली तर आक्रमक. पातं आणि पट्टीमधली फट किती, पातं किती घट्ट धरलंय, यानेही फरक पडतो, पण मुख्य हिशोब त्या रेघेचा. माझ्याकडचा जर्मन म्यूले कंपनीचा आर ४१ या दुसऱ्या जातीतला आहे. त्याच्या खालच्या पट्टीला कंगव्यासारखे दात आहेत आणि धार चांगलीच बाहेर आहे.

असला रेझर हौसेने घेतला नव्हता. माझे केस राठ आणि कुरळे. तीन पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस जरा ओढतं, तो मागे सरकायच्या आत पुढचं पातं कापतं, आणि उरलेलं टोक कातडीच्या खाली जातं. केस सरळ असतील तर काही बिघडत नाही. कुरळे असतील तर ते टोक बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतं. माझ्या गळ्यावर कायम दहा-बारा लाल पुळ्या असायच्या. नागपुरात मे महिन्यात त्यांवरून घाम ओघळला की काय होतं, ते इथल्यांना सांगायला नको. शर्टाची कॉलर लागायची म्हणून मिहानच्या ऑफिसात मी वर्षभर गोल गळ्याचे टी-शर्ट घालत होतो. त्वचेच्या डॉक्टरांनी दोन पर्याय दिले: दाढी राखा, नाहीतर एका पात्यावर या. दाढी राखून पाहिली. नवतपा सुरू झाला आणि चौथ्या दिवशी काढली.

मग सौम्य रेझर का नाही? तोही वापरला. पण राठ केसांना तो पुरत नाही, गळ्यावरून चार-चार वेळा फिरवावा लागतो, आणि प्रत्येक फेरीत केसांबरोबर थोडी कातडीही खरवडली जाते. आक्रमक रेझर दोन फेऱ्यांत काम संपवतो. हिशोब एवढाच होता.

सुरुवात कागदावर केली. चेहऱ्याचं चित्र काढलं, दोन दिवसांच्या खुंटांवरून बोट फिरवून केस कुठे कुठल्या दिशेला वाढतात त्याचे बाण काढले. गालावर सगळे खाली. गळ्याच्या डाव्या बाजूला मात्र ते चक्क आडवे, कानाकडे जातात. पहिली फेरी बाणांबरोबर, दुसरी बाणांना आडवी. उलटी फेरी नाही. पहिले दोन आठवडे फक्त गाल, मग हनुवटी, गळा सगळ्यात शेवटी.

पाण्याचं प्रकरण वेगळं. आमच्याकडे बोअरचं पाणी. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचं जमत नाही, फेसाऐवजी साय धरते. म्हणून फेसापुरतं पेलाभर पाणी फिल्टरचं घेतो. केस भिजून मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, ती द्यायची. मे महिन्यात गीझरचा खर्च वाचतो; गच्चीवरची टाकी फुकटात गरम पाणी देते.

त्या पेल्याचीही एक गोष्ट आहे. भारतासाठी केलेल्या एका रेझरची चाचणी जिलेटने अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर घेतली होती. त्यांच्या बेसिनला वाहतं पाणी. रेझर इथे आल्यावर दिसलं की असंख्य माणसं पेलाभर पाण्यात दाढी करतात, आणि तेवढ्या पाण्यात अडकलेले केस निघत नाहीत. पुढे २०१० साली त्यांनी एका पात्याचा 'गार्ड' आणला, १५ रुपयांना. म्हणजे फिरून एकच पातं. किंग जिलेटने स्वतःही तिथूनच सुरुवात केली होती. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्याचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. इतक्या पातळ पोलादाला, ते वाकडं न होऊ देता, पाणी कसं द्यायचं हा खरा अडलेला प्रश्न होता, आणि तो विल्यम निकरसन नावाच्या इंजिनिअरने सोडवला. डब्यावर छबी मात्र जिलेटची छापली गेली. आमच्या धंद्यातही असंच चालतं.

दाबाबद्दल जे शिकलो ते धरमपेठेतल्या सलूनवाल्या भाऊंकडून. ते पातं कागदातच कडकन मोडून त्याचा अर्धा तुकडा वस्तऱ्यात घालतात. माझा रेझर त्यांनी दोन बोटांत धरून तोलला आणि म्हणाले, "याले दाबाचं काम नाही भाऊ. पात्याले मालूम हाये." तेव्हापासून मी दांड्याचं फक्त टोक धरतो, म्हणजे दाबायचं म्हटलं तरी जोर येत नाही. टोपी गालाला टेकवायची, दांडा जवळजवळ आडवा, आणि हळूहळू खाली आणायचा. एका जागी खुंट कापल्याचा बारीक आवाज सुरू होतो. तोच कोन. पुढे गालाच्या वळणावर आवाज बंद पडला की मनगट वळवायचं. डाव्या हाताला उजव्यापेक्षा जास्त काम आहे: कातडी ताणून धरायची. शेवटी गार पाणी आणि तुरटी. तुरटी कुठे झोंबते त्यावरून उद्याचा धडा कळतो. तीन महिन्यांनी ती कुठेच झोंबेनाशी झाली. आता मी कॉलरचे शर्ट घालतो.

दोन वर्षांपासून बाबांचा हात थरथरतो. रविवारी ते गॅलरीत खुर्चीवर बसतात आणि मी त्यांची दाढी करतो, त्यांच्याच जुन्या, सौम्य रेझरने. सवयीने ते आपणहून गाल फुगवतात, ओठ आत ओढतात. झालं की हाताची मागची बाजू हनुवटीखाली फिरवतात. "इथं राहिलं." तिथे नेहमीच राहतं. मग परत फेस, परत फेरी, आणि साठीतली सैल कातडी लाल होते. त्यांचे केस माझ्याहून राठ आहेत. "तुझा तो दुसरा लाव ना," ते म्हणतात.

तो अजून लावत नाही. माझ्या गालावर पातं किती टेकलंय हे हाताच्या आधी गालाला कळतं. त्यांच्या गालावर ती खबर मला येत नाही. मला फक्त आवाज. आणि गॅलरीत खालच्या रस्त्यावरचे हॉर्न.

हे भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "फुगा आना." नवीन पोरं सलूनमध्ये अशीच शिकतात. फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो उतरवायचा. सीताबर्डीतून पन्नासाचं पाकीट आणलंय. रोज रात्री काम संपलं की एक. शेवटचे सहा शाबूत आहेत. मोजणी बाबा ठेवतात.