जालन्याचा शाप

जालना

चि. ओंकार,


रोमन चरित्रकार स्वेटोनियसमधली ऑगस्टस बादशहाची गोष्ट फोनवर सांगितलीस. पुतळ्यावर वीज पडली, 'सीझर' या नावातलं पहिलं अक्षर C, म्हणजे रोमन शंभर, वितळलं आणि जाणत्यांनी त्यावरून त्याचे शंभर दिवस उरल्याचं सांगितलं. आजी सांगायची तो जालन्याचा शाप असाच का, हे तू विचारलंस. असाच. पण आपल्याकडे गंमत जास्त आहे.

नोव्हेंबर 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी जालना लुटलं. पेठ मोगलांची आणि गबर. खाफीखान लिहितो की, सावकार जडजवाहीर घेऊन जान मुहम्मद या फकिराच्या आश्रयाला गेले, मराठे तिथेही शिरले, त्यालाही दमदाटी केली. त्यानं शाप दिला आणि महाराज गेले. महाराज वारले ते 3 एप्रिल 1680 ला, रायगडावर. पाचेक महिने. हिशेब जुळला!

खाफीखान मोगलांच्या चाकरीतला, लिहीत होता जवळजवळ पन्नास वर्षांनी. मृत्यूचा सन सांगायला त्यानं शब्द असे जुळवले की महाराज थेट नरकात. आणि तरीही हाच माणूस लिहून जातो की मशीद, कुराण आणि बायकांना हात लावायचा नाही, असा महाराजांचा सक्त नियम होता. शिव्या देता देता शत्रूनं दिलेली ही साक्ष मला आपल्या सगळ्या पोवाड्यांपेक्षा वजनदार वाटते.

आता आपल्या माणसाचं ऐक. कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांसाठी जिंजीला बखर लिहिली, सतराएक वर्षांनी. त्यात शाप नाही. ज्वराची व्यथा झाली, एवढंच. पण मृत्यूच्या दिवशी काय काय घडवलंय त्यानं! भूकंप, धूमकेतू, उल्का, शंभुमहादेवाच्या तळ्याचं पाणी रक्तासारखं. तुझ्या स्वेटोनियसनंही क्लॉडियस मरायच्या आधी धूमकेतू उगववलाच आहे की!

एवढा राजा साध्या तापानं जातो, हे खाफीखान आणि सभासद, दोघांनाही पचत नव्हतं. एकानं त्या मृत्यूला शिक्षा ठरवलं, दुसऱ्यानं सृष्टीला रडायला लावलं. मी आपला ताप तेवढा खरा धरतो.

खाफीखानाचे उतारे इलियट-डाउसनच्या सातव्या खंडात इंग्रजीत आहेत. तुझ्या ग्रंथालयात मिळतील. शापाची पानं वाच, पण महाराजांच्या नियमाचं पान आधी काढ.

तुझा,
काका