दात्यांची भाऊबंदकी

सेंदाईला पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचे हा प्रश्न आम्हाला कधी पडत नाही. आओबा टेकडी, तिथले किल्ल्याचे अवशेष आणि उंच चौथऱ्यावरचा तो घोडेस्वार! दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आई आली, तेव्हा तिलाही तिथेच नेले. पुतळ्याकडे मान वर करून तिने विचारले, "हे कोण रे?"

"दाते मासामुने. यानंच हे गाव वसवलं."

"दाते? सोलापूरच्या पंचांगवाल्यांपैकी?"

आम्ही सगळे खूप हसलो. पण खरे सांगतो मंडळी, या दात्यांबद्दल मलाही फारसे ठाऊक नव्हते. तोहोकु विद्यापीठात मास्टर्स करायला आलो तेव्हा आमची लॅब याच टेकडीवर होती. त्या वेळी इथे मेट्रो आलेली नव्हती. सायकल ढकलत चढ चढायचा, एवढाच माझा आणि इतिहासाचा संबंध. आता आईला सांगायचे म्हणून चार पुस्तके चाळली, आणि वाचता वाचता आमच्या घरची कोर्टाची फाइल डोळ्यांपुढे येऊ लागली.

फाइलचे आधी सांगतो. सातारा जिल्ह्यात आमची थोडी शेती आहे. आमच्या आणि चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, वावरामधला बांध सरकला की नाही यावरून नऊ वर्षे दिवाणी दावा चालू होता. भांडण चार गुंठ्यांचे. वडील गेल्यावर दावा माझ्याकडे आला आणि मी तो इथे बसून मोठ्या हिरिरीने चालवला. वकिलाची फी आणि तारखांसाठीची विमानाची तिकिटे धरली तर ती जमीन दोनदा विकत घेता आली असती! त्यातून आई आणि दादाची आई या सख्ख्या बहिणी. एकाच मांडवात दोघी दोघा भावांना दिलेल्या. दोन्ही घरांना मधली भिंत एकच. दावा लागल्यापासून दोघींचे बोलणे बंद.

आता दात्यांचे. मासामुने जन्मला १५६७ साली, योनेझावाला. लहानपणी देवी येऊन उजवा डोळा गेला. उत्तरेकडच्या या मुलखात तेव्हा मध्यवर्ती सत्तेचा हात पोचत नव्हता. दोन सरदारांच्या हद्दीवर बळी तो कान पिळी. आणि गंमत म्हणजे हे सगळे एकमेकांचे सोयरे! पणजोबा तानेमुने याने मुले-मुली आजूबाजूच्या घराण्यांत लग्नाने, दत्तकाने पेरून ठेवली होती. एवढे करून १५४२ ते १५४८ अशी सहा वर्षे तो लढला कोणाशी, तर पोटच्या मुलाशी.

१५८४ मध्ये सतरा वर्षांचा मासामुने गादीवर आला. दुसऱ्याच वर्षी एका फिरलेल्या सरदाराचा ओदेमोरी किल्ला घेऊन त्याने आतल्या लोकांची बायकामुलांसकट कत्तल केली. ते पाहून शेजारचा हाताकेयामा योशित्सुगु तहाला आला, आणि मासामुनेच्या वडिलांचे आभार मानायला म्हणून येऊन त्यांनाच धरून पळाला. आबुकुमा नदीपाशी पाठलाग करणाऱ्यांनी गाठले, तिथे योशित्सुगु मेला आणि वडीलही मेले. गोळी झाडायचा हुकूम कोणाचा, मुलाचा की खुद्द वडिलांचा, यावर जुन्या हकिगतींचे एकमत नाही. मुलाच्या मनाला मात्र ते ठाऊक असणारच.

त्याच्या सूडापायी हितोतोरीबाशीची लढाई झाली. समोर साताके योशिशिगे, म्हणजे सख्ख्या आत्याचे यजमान. १५८९ मध्ये सुरिआगेहाराला आइझूच्या आशिनांचा पाडाव केला. त्यांच्या गादीवर दत्तक बसलेला योशिहिरो हा त्याच आत्याचा मुलगा. आणि यामागाताचा मोगामी योशिआकी हा मामा, त्याच्याशीही खटके चालूच. आतोबा, आतेभाऊ, मामा! लग्नपत्रिकेतली 'आपले नम्र'ची यादी वाचतोय असे वाटत होते.

हे सगळे मी रात्री जेवताना आईला सांगत होतो. मग योशिहिमेची गोष्ट सांगितली. ही मासामुनेची आई, मोगामीची सख्खी बहीण. १५८८ मध्ये भाऊ आणि मुलगा फौजा घेऊन समोरासमोर आले, तेव्हा ती पालखीतून दोन्ही फौजांच्या मधे गेली आणि तिथेच मुक्काम ठोकला. सुमारे ८० दिवस हलली नाही. शेवटी दोघांना तह करावा लागला.

आई ऐकत होती. म्हणाली, "ऐंशी दिवस? मग तिला जेवायला कुठल्या बाजूनं यायचं?"

मला उत्तर माहीत नव्हते. ताट उचलता उचलता ती म्हणाली, "मला नऊ वर्षं झाली बसून."

एवढेच. आवाज चढवला नाही, रडली नाही. बायकोने माझ्याकडे पाहिले, मी ताटाकडे.

त्या रात्री पुढचे वाचून काढले. आपसातल्या लढाया बंद करा, हा हिदेयोशीचा हुकूम मोडून मासामुनेने आइझू घेतले होते. १५९० मध्ये त्याला ओदावाराला हजर व्हावे लागले. मरणाच्या तयारीने पांढरे कपडे घालून गेला म्हणतात. डोके वाचले, पण आइझू गेले आणि पुढच्या वर्षी बापजाद्यांचे योनेझावाही. म्हणजे ज्या हद्दीपायी बाप गमावला, ती हद्दही राहिली नाही! पण लढाई थांबली आणि याच माणसाने १६०१ मध्ये सेंदाईचा किल्ला बांधायला घेतला, गाव आखले, कालवे खणायला लावले. १६१३ मध्ये त्याचे जहाज समुद्र ओलांडून निघाले आणि त्याचा माणूस हासेकुरा थेट रोमपर्यंत जाऊन पोचला. पुतळा झाला तो एरवीच्या लढायांनी झाला असता असे मला वाटत नाही.

आईने त्याला विष घातले अशीही एक कथा आहे. पण पुढची मायलेकांची प्रेमाची पत्रे पाहून बऱ्याच अभ्यासकांना ती पटत नाही. १६२२ मध्ये मामाची जहागीर घरच्याच भांडणांतून जप्त झाली. म्हातारी योशिहिमे मुलाकडे सेंदाईला आली आणि दुसऱ्या वर्षी गेली.

आपल्या मावळात जेधे आणि बांदल या देशमुखांचे असेच वैर होते. १६६० मध्ये घोडखिंडीत बांदलांच्या माणसांनी प्राण दिले, तेव्हा दरबारातला पहिला मान जेध्यांनी त्यांना सोडला असे सांगतात. लढणे दोघांनाही येत होतेच; सोडणे अवघड.

रविवारी दादाला फोन केला. बराच वेळ तो बोलेना. मग म्हणाला, "तुला तिकडं बसून बरं सुचतंय. मी रोज त्या बांधावरनं जातोय." खरेच होते. मी काही बोललो नाही, पण फोनही ठेवला नाही.

दिवाळीत जाऊन तडजोडीच्या पुरसिशीवर सही केली. दोन गुंठे सोडले. हक्क माझा होता असे मला अजूनही वाटते, उगाच मोठेपणा सांगत नाही. दादाने मोजणीचा दगड स्वतः खांद्यावर आणून रोवला. चहा मात्र घेतला नाही.

गेल्या महिन्यात आईला फोन लावला तर उचलेना. तासाभराने तिचाच आला. "अरे, आक्काकडं होते. तिला आता नीट दिसत नाही, तिचे तांदूळ मीच निवडते."