सहकुटुंब, सहपरिवार

लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार' असे छापण्याची आपल्याकडे जी चाल आहे, तीत 'कुटुंब' म्हणजे बायको आणि 'परिवार' म्हणजे उरलेली मंडळी, हा भेद आमच्या आजोबांच्या पिढीला पक्का ठाऊक होता. 'आमचे कुटुंब माहेरी गेले आहे' असे कोणी म्हणाले, तर सारे घरच ओस पडले असा त्याचा अर्थ कोणी करीत नसे. पुढे शब्दाचा पसारा वाढला. सरकारने तर तो नियमांत बांधून टाकला. केंद्रीय नागरी सेवांच्या १९८८ च्या रजाप्रवास सवलतीच्या नियमांत कुटुंबाची व्याख्या आहे. तीत पत्नी किंवा पती आहे, मुले आहेत, आणि काही अटींवर अवलंबून असलेले आईवडील व धाकटी भावंडेही आहेत. या व्याख्येत बसणारी आणि न बसणारी माणसे निवडीत आम्ही उभी नोकरी केली. परंतु शब्दाचा तो पहिला अर्थ मधल्यामध्ये कोठे गळून पडला, हे ध्यानात यायला आम्हांस देवनहळ्ळीस जावे लागले.

परप्रांतात बदलीवर असलेल्या आपल्यासारख्यांची ही सवलत बहुधा गावाकडे जाण्यातच खर्ची पडते. चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्याची जी मुभा असते, ती गेल्या थंडीत आम्ही म्हैसूर-बंगळूरसाठी वापरली. बरोबर आमची वृद्ध आई, कॉलेजात शिकणारी दोन मुले आणि सौभाग्यवती. शेवटचा मुक्काम देवनहळ्ळीस ठेवला. कारण बंगळूरचा विमानतळ २००८ पासून येथेच आहे, आणि नंदीची टेकडीही येथून जवळ. नेमका त्याच मुक्कामात आमच्या विवाहाचा तिसावा वाढदिवस येत होता.

आता एक जुनी बाकी सांगितली पाहिजे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दादरच्या एका उपाहारगृहातल्या 'फॅमिली रूम'मध्ये आम्ही उभयता बसलो होतो. अर्धा दरवाजा, मळकट पडदा, आत येण्यापूर्वी सूचक खोकणारा पोऱ्या. वाचकांपैकी अनेकांनी अशा खोलीत संसाराची पहिली स्वप्ने रंगवली असतील. तेथे आम्ही वचन दिले होते की, एकदा पगार वाढला, की तुला खऱ्याखुऱ्या चांगल्या ठिकाणी, फक्त आपण दोघेच, जेवायला नेईन. पगार यथाकाल वाढला. बदल्या सात झाल्या. वचन प्रत्येक मुक्कामी 'पुढील कार्यवाहीसाठी प्रलंबित' राहिले, आणि सौभाग्यवतीने त्याबद्दल कधी स्मरणपत्रही पाठवले नाही.

म्हणून या खेपेस आम्ही मनाशी निश्चय केला होता. अडचण एवढीच, की तो मनातून ओठांवर कसा आणावा? नवराबायकोने दोघांनीच जेवायला जायचे, हे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी आईसमोर बोलणे म्हणजे वरिष्ठांकडे स्वतःच्याच बढतीची शिफारस करण्यासारखे आहे. आम्ही आडवळणाने मुलास विचारले, "इकडे जेवायला बरी जागा कोणती रे?" त्याने तत्काळ मोबाइल उघडून कोणत्या जागेला किती तारे, हे वाचण्यास सुरुवात केली, आणि मुलीने प्रत्येक जागी पाच जणांचे टेबल मिळेल काय, याची चौकशी आरंभली. 'पाच' हा आकडा इतका सहज आला, की आमचा धीर खचला.

मनात आम्ही एकेक जागा पारखीत होतो. आमची पहिली पसंती नंदीच्या माथ्याला होती. १९२७ साली प्रकृती ढासळली तेव्हा गांधीजींनी विश्रांतीसाठी हीच टेकडी पत्करली, आणि १९८६ च्या सार्क परिषदेसाठी बंगळुरास जमलेल्या राष्ट्रप्रमुखांना चार गोष्टी मोकळेपणी बोलता याव्यात म्हणून येथेच आणले होते. जेथे राष्ट्रप्रमुखांची मने मोकळी होतात, तेथे आमचे का होऊ नये? परंतु दिवस मावळताना पाहुण्यांना टेकडी उतरावी लागते. तेथे सूर्योदयच पाहायचा.

मग जुने बंगळूर. लालबागेजवळची मावळ्ळी टिफिन रूम्स १९२४ सालची. युद्धकाळात तांदूळ मिळेना तेव्हा रव्याची इडली तेथे जन्मली, असे सांगतात. गांधी बाजारातले विद्यार्थी भवन १९४३ चे. दोन्हींचे नाव काढताच जिभेला पाणी सुटते. पण शहर पस्तीस-चाळीस किलोमीटर दूर, आणि मधली वाहनांची गर्दी बंगळूरच जाणे. शिवाय बंगळूरच्या जुन्या उपाहारगृहांचा धर्मच निराळा. अनोळखी माणसाशेजारी बसावे, गरम डोसा खावा, कॉफी घ्यावी आणि मागे ताटकळणाऱ्यास जागा द्यावी; आणि 'दर्शिनी'त तर बसण्याचीही उपाधी नाही. खाण्याची एवढी थोर परंपरा असलेल्या शहरात दोन माणसांनी तासभर निवांत बसावे, ही कल्पनाच मुळी परकी असावी.

उरले विमानतळाच्या अंगाचे एक बडे हॉटेल. तेथे आम्ही चोरून दूरध्वनी केला. पलीकडच्या तरुणाने अत्यंत अदबीने सांगितले की, विवाहदिन असल्यास टेबलावर मेणबत्त्या लावू, केक आणू आणि आमची माणसे भोवती उभी राहून गाणे म्हणतील. हे सौभाग्यवतीस हळूच कळवताच तिचा चेहरा असा झाला, की आम्ही तो प्रस्ताव तेथेच निकालात काढला.

"मग तुला कोठे जावेसे वाटते?" आम्ही विचारले.

"मुलांना काय आवडेल ते बघा. सासूबाईंना तिखट नको."

"मुलांचे नव्हे, तुझे विचारतो आहे."

ती थांबली. बराच वेळ थांबली. उत्तर देणे तिला अवघड जात होते यापेक्षाही, हा प्रश्न आम्ही यापूर्वी विचारल्याचे आम्हांस आठवेना, ही गोष्ट आम्हांला अधिक लागली. एवढ्यात पलंगावर जप करीत बसलेली आई माळ न थांबवता म्हणाली, "अरे, तुम्ही दोघंच जा. मला मुलं दहीभात मागवून देतील. तुझे वडील मला एकदाच हॉटेलात घेऊन निघाले होते. वाटेत तुझा काका भेटला, तोही आला. दोघं भाऊ सबंध वेळ ऊस-कारखान्याचं बोलत होते."

खोलीत कोणी काही बोलले नाही. मुलीने टेबलाची चौकशी करणारा मोबाइल मुकाट्याने बाजूला ठेवला.

संध्याकाळी आम्ही उभयता देवनहळ्ळीच्या किल्ल्याकडे चालत गेलो. टिपू सुलतानाचा जन्म याच गावचा. १७९१ साली कॉर्नवॉलिसने हा किल्ला घेतला, आणि त्याच वर्षी परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडचा किल्ला सर केला, हे आम्ही सौभाग्यवतीस मोठ्या उत्साहाने सांगितले. कारण तिचे माहेर धारवाडचे. तिने ते ऐकून घेतले आणि कोपऱ्यावरच्या एका साध्या हॉटेलाकडे बोट दाखवले. "इथे."

गल्ल्यावरच्या माणसाने आम्हां दोघांकडे पाहिले आणि "फ्यामिली?" असे म्हणून जिन्याकडे हात केला. वर चार टेबले होती. पडदा नव्हता, पण पंखा होता, आणि खिडकीतून बुरुजाचा तुकडा दिसत होता. आम्ही सवयीने म्हणालो, "दोन चहा." सौभाग्यवतीने त्या पोऱ्याला थांबवले आणि त्याच्याशी चक्क कानडीत बोलू लागली. तीस वर्षांत तिचे कानडी आम्ही माहेरच्या अंगणाबाहेर ऐकले नव्हते. पोरगा हसला; हुबळी-धारवाडकडच्या का, असे त्याने विचारले असावे, कारण तीही हसून "हौदु" म्हणाली. चहा एकच आला. दुसऱ्या पेल्यात कॉफी होती.

"जेवणाआधी कॉफी?"

"मला चहा कधीच आवडला नाही," ती पेला डवऱ्यात ओतीत म्हणाली. "बाबांची नोकरी सुरुवातीला हसनला होती. तिथून त्यांनी कॉफी आणली ती कायमची. सगळ्या गल्लीत चहा, आमच्याच घरी कॉफी. तुमच्याकडे आले तर सगळेच चहाचे. एकटीसाठी कुठे वेगळं आधण ठेवायचं?"

सकाळचा व दुपारचा धरला, तर तीस वर्षांत वीस हजारांवर कप झाले. हिशेब ठेवण्याची आम्हांस सवय आहे. हा मात्र आम्ही तिला मोठ्याने सांगितला नाही. मग तिने स्वतःसाठी रवा डोसा मागवला, आमच्यासाठी काय मागवावे हे विचारलेही नाही, आणि शेवटी आणखी एक कॉफी घेतली. बोललो ते फारसे काही नाही. हसनच्या घरामागे एक पेरूचे झाड होते, एवढे नवीन कळले.

परतलो तेव्हा आई जागी होती. "काय जेवलात?"

"दोनदा कॉफी घेतली, सासूबाई."

"अगं, रात्रीची कॉफी! झोप कशी लागायची?"

"नाही लागली तर नाही लागली," सौभाग्यवती म्हणाली, आणि पहाटे नंदीस जाण्यासाठी घड्याळाचा गजर लावू लागली.