काचेत ठेवलेली मुलं

मूल दोन महिने आधी आलं की आमच्या वेळी घरात पेढ्यांची पंचाईत व्हायची. वाटावेत तर दृष्ट लागेल, न वाटावेत तर अभद्र. मग पीसीओच्या रांगेत उभा राहिलेला बाप गावी एवढंच कळवायचा, ‘बाळंतीण बरी आहे, बाळाला काचेत ठेवलंय.’ पलीकडून पहिला प्रश्न यायचा, ‘वजन किती?’ मुलगा की मुलगी, हे त्यानंतर. १९८० ते २००० या काळात ज्यांनी हे दिवस काढले, त्यांना मुलाच्या दहावीचे मार्क विचारा, अडखळतील. जन्माचं वजन मात्र ग्रॅमसकट सांगतील.

घरात एक तरी आजी असायचीच, जी सांगायची, ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ सातव्यात बाळंत झालेलीला तेवढाच धीर, आणि आठव्यातलीच्या पोटात गोळा. खरं तर पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बळकट. डॉक्टर हे सांगत, पण आजीच्या आवाजातला ठामपणा त्यांच्या आवाजात नसे. कसा असणार? त्यांच्या हातात तरी तेव्हा काय होतं?

सगळा खेळ फुप्फुसांचा. फुप्फुसांतल्या हवेच्या इवल्या पिशव्या श्वास सोडल्यावर एकमेकींना चिकटून बसू नयेत म्हणून त्यांना आतून साबणाच्या फेसासारखा निसरडा थर असतो. तो पुरेसा तयार व्हायला पस्तिसावा आठवडा उजाडावा लागतो. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि हा थर अपुरा असल्याच्या दुखण्यानेच दोन दिवसांत गेला. अध्यक्षांची ही गत, तर आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात काय असणार! १९८० साली जपानच्या फुजिवारांनी हा थर बाहेरून श्वासनलिकेत सोडून बाळं तगवून दाखवली. ते औषध आपल्याकडे पोचायला आणखी बरीच वर्षं गेली, आणि पोचलं तेव्हा किंमत ऐकून बापमाणसं मटकन बाकावर बसत. कुणी सोसायटीचं कर्ज काढलं, कुणी पीएफमधून उचल घेतली, कुणाच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. त्याहून कितीतरी स्वस्त इलाज, म्हणजे बाळंतपणाआधी आईला द्यायची स्टेरॉइडची इंजेक्शनं, न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ सालीच छापून सांगितला होता. आमच्या ओळखीपाळखीत ती फारशी कुणाला मिळाली नाहीत.

आम्ही काचेच्या अलीकडे. चपला बाहेर, कोपरापर्यंत हात धुवायचे, हिरवा गाऊन चढवायचा आणि एवढं करूनही बहुतेक वेळा बाळाच्या काचेच्या पेटीजवळ जायला मिळायचं नाही. ‘इन्फेक्शन होईल.’ हे कारण खोटं नव्हतं, अशा बाळांना जंतुसंसर्ग सहज गाठतो. पण आई हीच जणू जंतूंची मोळी, अशी वागणूक होती, आणि ती चूकच होती असं माझं आजही मत आहे. दिवसभरात दहाजण आत-बाहेर करायचे. बाहेर ठेवायची ती फक्त आई. बाळाच्या घोट्याला पट्टी, तिच्यावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. बारशाचा बारावा दिवस येऊन गेला तरी बाळाला नाव नसायचं. ते ठेवायची कुणाची छाती नसायची.

पाचवीची पूजा तर फारच विचित्र. आजी घरी पाटा-वरवंटा मांडायची, हळदीकुंकू वाहायची, सटवाईने नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. ज्याचं नशीब लिहायचं ते मूल तिकडे दवाखान्यात, निळ्या दिव्याखाली, डोळ्यांना पट्टी बांधून. पत्ता चुकू नये म्हणून एका सासूबाईंनी सटवाईला वॉर्डचं नाव मोठ्याने सांगितलं होतं. तेव्हा सगळे हसले, सासूबाई सोडून.

तो निळा दिवा काविळीसाठी. कच्च्या बाळांना कावीळ हमखास व्हायची. इंग्लंडातल्या एका सिस्टरने, जीन वॉर्ड यांनी, १९५६ च्या सुमारास बाळांना उन्हात फिरवून आणल्यावर पिवळेपणा उतरतो हे हेरलं आणि त्यातून हे दिवे आले. शोध सिस्टरच्या नजरेचा, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर केरळच्या, मराठी थोडं मल्याळी चालीवर बोलणाऱ्या. मशीन ओरडण्याआधी त्यांना बाळाचा रंग कळायचा. अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घ्यायचंच विसरतात. सिस्टर तळव्याला टिचकी मारायच्या आणि बाळ रागावून पुन्हा श्वास घ्यायचं. त्या टिचक्यांची नोंद कुठल्याच केसपेपरवर नाही.

बाहेरच्या बाकांवर एक वेगळंच गाव वसलेलं असायचं. एसटी पकडून आलेली इंदापूरची भाकरी, दादरच्या चाळीतली आमटी आणि मोहल्ल्यातला खिमा एकाच वर्तमानपत्रावर. वजनाची वेळ झाली की सगळे उभे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळाचं वजन उतरतंच, हे कुणी आधी सांगितलेलं नसायचं, म्हणून रोज रडारड. मग एक दिवस दहा ग्रॅम वाढायचे आणि परक्या माणसांचे हात हातात घेतले जायचे. मध्येच एखादं कुटुंब सामान आवरून, कुणाकडे न बघता निघून जायचं. त्यावर कुणीच काही बोलायचं नाही, त्या दिवशी कुणी डबाही उघडायचं नाही.

आईला करता येईल असं एकच काम होतं, दूध काढून देणं. उकळून घेतलेल्या वाटीत, पदराआड, हाताने. सुरुवातीला बाळाला नाकातल्या नळीवाटे एकदोन मिलिलिटर, मग बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने. बाळ जवळ नसताना पान्हा फुटणं कठीण. मग अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, सगळे प्रयोग. पण कुणाला एवढं यायचं की वाटी भरून वाहायची आणि शेजारची कोरडी बसलेली असायची. ‘हिचं त्याला द्या की,’ हे बाकावर कुणीतरी म्हणायचंच. मुंबईत शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ते रीतसर करून दाखवलं. पावडरचं दूध आणि बाटली बंद केली आणि १९८९ साली मातृदुग्धपेढी उभी केली. ती आशियातली पहिली मानली जाते. दान केलेलं दूध तपासायचं, पाश्चराइझ करायचं, गोठवायचं आणि ज्या बाळाची आई आजारी आहे किंवा उरलीच नाही त्याला द्यायचं. डॉ. फर्नांडिस यांना २०२६ मध्ये पद्मश्री मिळाली. उशीर झाला, पण मिळाली.

काच पहिल्यांदा हलली ती कांगारू पद्धतीने. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी आणि बाळं जास्त म्हणून डॉ. एडगर रे यांनी आयांच्या उघड्या छातीवर बाळं बांधली. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात हे कानावर यायला लागलं. आमच्यातल्या काही उशिरा बाळंत झालेल्यांना ते सुख लाभलं. ओल्या पाखराएवढा जीव गळ्याखाली, वरून सासूची जुनी मऊ साडी गुंडाळलेली. आज्यांना यात नवं काही वाटलं नाही. त्यांनी कापसात गुंडाळून, शेगडीजवळ बसून, कुशीत घेऊन अशी मुलं वाढवली होती. ऊब हा त्यांचा इलाज बरोबर होता. धुरी, मधाचं बोट आणि नाकात तेल हे मात्र घातकच. दवाखान्यातून जिंकून आणलेलं बाळ घरी धुरीने गुदमरायचं.

जिथे पेटीच नव्हती तिथलीही गोष्ट आमच्याच पिढीची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून गावातल्याच बायकांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकवली. आई आणि आजीलाही शिकवलं. बाळाला ऊबदार पिशवीत ठेवायचं, वजन करायचं, श्वास अडला तर पिशवी-मास्कने हवा द्यायची, संसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायचं. ३९ गावांतलं हे काम १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेलं होतं. तिथे कुणाला काचेबाहेर उभं केलेलं नव्हतं.

आता तर दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या पाच रुग्णालयांनी मिळून दाखवून दिलंय की, जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी ठेवलेली एक ते १.८ किलोची बाळं पेटीत ठेवलेल्यांपेक्षा जास्त जगतात. मृत्यू पाव हिश्शाने कमी. हे २०२१ साली प्रसिद्ध झालं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशी शिफारसच केली. आता आईची खाट अतिदक्षता विभागातच हवी म्हणतात. मला आनंद झाला, आणि राग आला, दोन्ही एकदम.

आमची ती मुलं आज तिशी-चाळिशीत आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेल्या अशा कमी वजनाच्या मुलांचा अठरा वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. बहुतेकजण सरळ मोठे झाले, काहींना गणित जड गेलं, काहींना चष्मे लागले. पण अपुऱ्या दिवसांत जन्मलेल्यांना मोठेपणी रक्तदाब वाढण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे आता पक्कं ठाऊक झालंय, आणि आमची मुलं नेमकी त्या वयात आली आहेत. तेव्हा कपाटातल्या फायलीत जपून ठेवलेलं ते पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड बाहेर काढा. मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या, आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाशील तेव्हा कितव्या आठवड्यात आणि किती वजन घेऊन जन्मलो ते सांग आणि रक्तदाब मोजून घे, असं त्यांना बजावा.