आजी आणि डोंगर

गणिताला रामराम ठोकून मी कला शाखेत आलो. काकांच्या जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याने ते पुन्हा पुढ्यात आणून ठेवले. एकाच फोटोत मला तीन मीटरवर बसलेली आजी हवी होती आणि तिच्या मागचा डोंगरही.

भिंग नेमके असते ते एकाच अंतरावर. इतरत्रच्या प्रत्येक बिंदूची फिल्मवर टिकली होते. ती ०.०३ मिलिमीटरच्या आत असली, की छापलेल्या फोटोत डोळा तिला बिंदूच समजतो. म्हणजे एवढ्या काटेकोर गणिताचा पाया काय, तर डोळ्याचा उणेपणा!

नाभीय अंतराच्या वर्गाला छिद्राचा आकडा व ही टिकली यांच्या गुणाकाराने भागायचे. भिंग ५० मिलिमीटरचे, आकडा ८. उत्तर सुमारे १०.४ मीटर. तेथे फोकस केल्यास त्याच्या निम्म्यापासून, ५.२ मीटरपासून, थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट. आजी मात्र बाहेरच! आकडा १६ केला, फोकस ५.२ वर आणला, स्पष्टता २.६ पासून सुरू झाली आणि आजी आत आली. पण उजेड चौथाई उरला. १/१२५ सेकंदाचे काम १/३० वर गेले.

"आजी, जरा हात हलवू नकोस."

"मग वाती कोण वळणार?"